जुनी कामगिरी, आजची साक्ष

नोकरीत बारा-पंधरा वर्षे काढलेल्या माणसाचा बायोडेटा बहुतेक वेळा पदांची आणि तारखांची यादी होऊन बसतो. कोणत्या कंपनीत, कोणत्या हुद्द्यावर, कधीपासून कधीपर्यंत काम केले हे त्यातून कळते, परंतु उद्या एखादे अवघड काम हाती दिले तर हा माणूस ते कसे पेलेल, याचा अंदाज त्यातून येत नाही, आणि निवड करणाऱ्याला तर नेमके तेवढेच जाणून घ्यायचे असते. या यादीत कामगिरीचा उल्लेख नसतो असे नाही. ‘उत्कृष्ट कर्मचारी पुरस्कार’, ‘विक्रीत विक्रमी वाढ’, ‘प्रकल्प मुदतीपूर्वी पूर्ण’ अशा ओळी असतातच. पण त्या भिंतीवर टांगलेल्या प्रशस्तिपत्रकांप्रमाणे एकेकट्या असतात, त्यांचा आजच्या माणसाशी आणि आजच्या कामाशी असलेला धागा दाखवलेला नसतो. हा धागा कसा जोडावा, हा या लेखाचा विषय आहे.

माणूस आजवर काय करत आला, त्यातून त्याला काय करता येऊ लागले आणि म्हणून यापुढे त्याच्याकडे काय सोपवता येईल, या तीन गोष्टींच्या सुसंगत मांडणीला येथे व्यावसायिक कथन असे म्हटले आहे. बायोडेटा, मुलाखतीतले ‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाचे उत्तर, लिंक्डइनवरील परिचय, सल्लागाराने ग्राहकाला पाठवलेला प्रस्ताव, ही सगळी त्या एकाच कथनाची वेगवेगळी रूपे होत. या कथनात जुन्या यशाला जागा आहे, पण ती सजावटीची नाही. यशाचे फळ जिथे लागले तिथेच राहते: बांधलेला पूल रेल्वेचा, वाचवलेला पैसा कंपनीचा, सुधारलेला निकाल शाळेचा असतो. माणसाबरोबर पुढच्या ठिकाणी येते ती अडचणीत निर्णय घेण्याची त्याची रीत, आणि म्हणून जुनी कामगिरी सांगताना फळापेक्षा निर्णय सांगणे अधिक उपयोगाचे ठरते.

हे सूत्र एका सर्वपरिचित उदाहरणावर तपासून पाहता येते. डिसेंबर १९६४ मध्ये आलेल्या चक्रीवादळाने रामेश्वर बेट मुख्य भूमीशी जोडणाऱ्या पांबन पुलाचे बहुतेक गर्डर, म्हणजे खांबांवर टेकलेल्या लोखंडी तुळया, समुद्रात लोटून दिले. दुरुस्तीसाठी रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरवली होती, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली आणि प्रत्यक्ष कामाची जबाबदारी ज्या तरुण अभियंत्यावर आली, त्या ई. श्रीधरन यांनी पूल ४६ दिवसांत वाहतुकीस योग्य केला. ही हकीगत जेव्हा जेव्हा सांगितली जाते तेव्हा भर असतो तो ४६ या आकड्यावर, आणि तो आकडा खरोखर थक्क करणारा आहे. परंतु दुसऱ्या एखाद्या कामासाठी या अभियंत्याचा विचार करणाऱ्याला त्या आकड्यातून फारसे काही हाती लागत नाही. हाती लागते ते त्यामागच्या निर्णयातून. नवे गर्डर तयार होऊन येण्याची वाट पाहणे हा सरळ, कुणीही दोष देणार नाही असा मार्ग होता. तो सोडून समुद्रात गेलेले गर्डरच शोधायचे, वर काढायचे आणि पुन्हा बसवायचे, असे ठरवले गेले. वेळ कोठे जाणार आहे हे आधी ओळखणे आणि जो टप्पा सर्वांत लांबणार तोच टाळण्याची वाट शोधणे, ही त्या ४६ दिवसांमागची कार्यपद्धती होती.

या घटनेनंतर सुमारे पाव शतकाने, १९९० मध्ये, श्रीधरन भारतीय रेल्वेच्या सेवेतून निवृत्त झाले आणि कोकण रेल्वेच्या उभारणीची धुरा त्यांच्याकडे आली. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, लहानमोठे जवळजवळ २,००० पूल आणि ९१ बोगदे असे ते काम होते, आणि जानेवारी १९९८ मध्ये त्या मार्गावरून सलग प्रवासी गाडी धावू लागली. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत होती, तेथे ‘मी एकदा ४६ दिवसांत पूल उभा केला आहे’ या वाक्याचा काहीही उपयोग नव्हता. जिचा उपयोग होता ती सवय मात्र पांबनच्या वेळचीच होती: नेहमीचा मार्ग अडला असता हाताशी काय आहे याचा नव्याने हिशेब मांडणे. पांबनची कामगिरी कोकण रेल्वेच्या संदर्भात सांगायची झाली, तर आकडा एका वाक्यात उरकून गर्डरांच्या निर्णयाला चार वाक्ये द्यावी लागतील. आणि सामान्य नोकरदाराने आपल्या बायोडेट्यातील प्रत्येक जुन्या ओळीला नेमकी हीच कसोटी लावावी.

तथापि प्रत्येक जुनी कामगिरी एकाच रीतीने पुढे नेता येत नाही, आणि हा भेद मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत फार स्पष्ट दिसतो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आज सीओईपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, अभियांत्रिकी शिकून ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले, आणि नाशिकपासून त्यांच्या सेवेला सुरुवात झाली. पुढे पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. जलाशयातील पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दरवाजे उघडून जादा पाणी वाट काढते आणि पातळी उतरली की ते मिटतात, अशी ती योजना होती. हे दरवाजे पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूर संस्थानातील कृष्णराज सागर धरणावरही वापरले गेले. येथे पुढे गेली ती प्रत्यक्ष वस्तू, सिद्ध झालेले तंत्र. पण सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची दैना केली आणि निजामाच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले, तेव्हा प्रश्न दरवाज्यांचा नव्हता. शहरात पाणी शिरू नये म्हणून नदीच्या वरच्या अंगाला जलाशय बांधून पूर तेथेच अडवावा, या त्यांच्या विचारातून पुढे उस्मान सागर आणि हिमायत सागर हे तलाव झाले. येथे पुढे गेले ते तंत्र नव्हे, तर पाणी कोठून, किती आणि कधी येते हे मोजून मग उपाय ठरवण्याची दोन तपांहून अधिक काळ घोटलेली दृष्टी.

आपल्या कामगिरीची छाननी करताना वाचकाने हा भेद प्रथम करावा. एखाद्याने सहकारी बँकेच्या सर्व शाखा कोअर बँकिंगवर, म्हणजे सर्व शाखांची खाती एकाच केंद्रीय यंत्रणेत ठेवणाऱ्या प्रणालीवर, नेण्याचे काम पूर्वी केले असेल आणि आज तो दुसऱ्या बँकेत तशाच स्थलांतरासाठी अर्ज करत असेल, तर त्याचे तंत्रच सरळ कामाचे आहे: कोणती प्रणाली, किती शाखा, जुन्या खतावण्यांतील शिल्लक कशी जुळवली, कोणत्या रात्री जुनी यंत्रणा बंद करून नवी सुरू केली, हे त्याने तपशिलाने सांगावे. परंतु तोच माणूस रुग्णालयाच्या प्रशासनात जाऊ पाहत असेल, तर प्रणालीचे नाव गौण ठरते आणि रोजचे काम एक दिवसही न थांबवता संपूर्ण व्यवस्था बदलणे, बदलाला घाबरलेल्या जुन्या कर्मचाऱ्यांना बरोबर घेणे, चुकीची नोंद पहिल्याच आठवड्यात पकडण्यासाठी पडताळणीची जागा नेमणे, हे वर येते. कामगिरी एकच, मांडणी मात्र समोरच्याच्या गरजेप्रमाणे बदलते. यात कोठेही असत्य नाही, कारण दोन्ही गोष्टी घडलेल्याच आहेत आणि निवड फक्त कशाला आधी स्थान द्यायचे याची आहे.

या सगळ्याआधीची अडचण अशी की, बहुतेकांना आपली कामगिरी धड आठवतच नाही. यशाचा शेवट लक्षात राहतो, पण सुरुवातीची परिस्थिती, त्या वेळी समोर असलेले पर्याय, कोणी विरोध केला आणि का केला, हे सगळे पाच-सात वर्षांत पुसट होते, आणि मग ‘टीमला बरोबर घेऊन काम पूर्ण केले’ असे गुळमुळीत वाक्य उरते. त्यामुळे लेखनाला बसण्यापूर्वी कागद गोळा करणे आवश्यक असते. स्वतःची वार्षिक मूल्यमापने, पगारवाढीची आणि बढतीची पत्रे, बैठकांच्या इतिवृत्तांत आलेले उल्लेख, लेखापरीक्षणातील शेरे, ग्राहकाने पाठवलेले आभारपत्र, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, यांतील जे स्वतःजवळ ठेवण्याचा अधिकार आहे ते एकत्र करावे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत पूर्वी ‘गोपनीय अहवाल’ म्हणून ओळखला जाणारा वार्षिक अहवाल, २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर, संबंधित कर्मचाऱ्याला पूर्णपणे दाखवला जातो, आणि त्यात वरिष्ठाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले परिच्छेद असतात. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून काम करू इच्छिणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते वाचून काढण्याचे कष्ट अवश्य घ्यावेत, कारण आपल्याला किरकोळ वाटणारे काम वरिष्ठाला मोठे वाटलेले असते, असे त्यातून अनेकदा उघड होते. ज्यांच्याबरोबर ते काम केले अशा एखाद्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून ‘त्या वेळी नेमके काय झाले होते’ एवढे विचारले, तरी कागदावर नसलेला भाग भरून निघतो.

जी माणसे आज नोकरीत आहेत त्यांनी तर ही वेळच येऊ देऊ नये. दर तिमाहीला एकदा, ज्या तिमाहीत काही विशेष घडले नाही तीत अगदी दोन ओळींत, हाती घेतलेले काम, त्या वेळची स्थिती, घेतलेला निर्णय आणि झालेला फरक लिहून ठेवला, तर दहा वर्षांनी त्या वहीची किंमत कोणत्याही पुरस्कारापेक्षा अधिक भरते. ही नोंद स्वतःच्या वहीत, स्वतःच्या शब्दांत असावी; कार्यालयाच्या संगणकावरील फायली घरी नेणे हा निराळा आणि गंभीर प्रकार आहे.

मराठी माणसाच्या वाटेत आणखी एक अडसर येतो आणि तो संस्काराचा आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्खाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत स्वतःची स्तुती करणे आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणे यांचा स्पष्ट समावेश आहे. आपली पाठ आपणच थोपटून घेऊ नये, काम बोलले पाहिजे, हे घराघरांत मुलांच्या मनावर बिंबवले जाते. हा संस्कार मोलाचा आहे आणि तो टाकून देण्याचे काही कारण नाही. मात्र स्तुती आणि साक्ष यांत फरक आहे. ‘मी कुशल व्यवस्थापक आहे’ ही स्तुती झाली, कारण तिची शहानिशा ऐकणाऱ्याला करता येत नाही. ‘तीन पाळ्यांतील ४० कामगारांचे वेळापत्रक मी ठरवत असे, आणि गणपतीत निम्मे लोक कोकणात गेल्यावरही लाइन बंद पडू नये यासाठी दोन महिने आधी कामगारांना दुसऱ्या यंत्रांचे काम शिकवून ठेवले होते’ ही साक्ष झाली. पहिल्या वाक्यात स्तुतीचे विशेषण आहे आणि दुसऱ्यात तसे एकही नाही. संकोची माणसाने अशी विशेषणे अजिबात वापरू नयेत असा नियम स्वतःला घालून घेतला, तर त्याचा संकोचही राहतो आणि कामही सांगून होते.

याच संकोचातून वाट्याचा प्रश्नही उद्भवतो. सामूहिक कामाचे श्रेय एकट्याने घेऊ नये या भावनेने अनेक जण सगळीकडे ‘आम्ही’ लिहितात, किंवा सरकारी टिप्पणीच्या वळणाने ‘अंमलबजावणी करण्यात आली’ असे कर्ताच नसलेले वाक्य लिहितात, आणि वाचणाऱ्याला या माणसाने त्यात काय केले हे शेवटपर्यंत उमगत नाही. याउलट काही जण संपूर्ण प्रकल्प आपल्या नावावर मांडतात आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडतात. यावर सरळ मार्ग म्हणजे पहिल्या वाक्यात संपूर्ण गटाचे काम सांगावे आणि दुसऱ्या वाक्यात त्यातला स्वतःचा वाटा नेमका रेखावा: सहा जणांच्या गटाने गोदामाची नवी मांडणी केली, त्यांपैकी मालाची आवक कोणत्या दाराने व्हावी आणि जड माल कोठे ठेवावा हा भाग माझ्याकडे होता, अशा धर्तीवर. वाटा लहान असला तरी तो ठामपणे सांगितलेला असेल, तर ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो, कारण जो माणूस आपल्या वाट्याची हद्द जाणतो तो बाकीचेही खरेच सांगत असणार, असे त्याला वाटते आणि ते योग्यच असते.

आकड्यांबाबत फार काटेकोर राहावे लागते. चाकण किंवा भोसरीच्या एखाद्या कारखान्यातील दर्जा विभागाचा पर्यवेक्षक ‘रिजेक्शन ६० टक्क्यांनी कमी केले’ असे लिहितो. रिजेक्शन म्हणजे तपासणीत नापास झालेल्या नगांचे प्रमाण. हे प्रमाण समजा शंभरात पाचांवरून दोनांवर आले असेल, तर ६० टक्के हा आकडा गणिताने बरोबर आहे, पण अनुभवी मुलाखतकार लगेच विचारतो की, मूळ प्रमाण किती होते, किती महिन्यांत उतरले, त्या काळात नवे यंत्र आले होते का, आणि उतरलेले प्रमाण पुढे टिकले का. यांतील एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर आकडा उमेदवाराच्या विरोधात जातो. म्हणून टक्केवारीपेक्षा ‘पाचांवरून दोनांवर, आठ महिन्यांत, त्याच यंत्रावर’ असे लिहिणे केव्हाही चांगले. जेथे मोजमाप झालेलेच नाही तेथे आकडा रचू नये. शिक्षक, समुपदेशक, परिचारिका, ग्रंथपाल यांच्या कामातील पुष्कळसा भाग आकड्यांत बसत नाही, आणि तेथे आधी काय होत असे व नंतर काय होऊ लागले याचे साधे वर्णन पुरते. ‘पूर्वी पालक फक्त निकालाच्या दिवशी शाळेत येत, त्यानंतर महिन्यातून एकदा येऊ लागले’ या वाक्याला टक्केवारीची गरज नाही.

एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाणाऱ्याला यापुढचीही एक पायरी चढावी लागते, ती भाषेची. साताऱ्या-कोल्हापूरकडील असंख्य घरांतून तरुण सैन्यात जातात आणि हवालदारासारख्या हुद्द्यावरून चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होऊन पुन्हा नोकरी शोधतात. अशा एका माजी सैनिकाचा अर्ज डोळ्यांपुढे आणावा. त्यात ‘एमटी हवालदार, १७ वर्षे सेवा, शिस्तप्रिय व प्रामाणिक’ एवढाच मजकूर असतो. एमटी म्हणजे लष्करातील वाहन व्यवस्था हे भिवंडीच्या गोदामातील एचआर अधिकाऱ्याला बहुधा ठाऊक नसते, आणि शिस्तप्रिय हे विशेषण त्याने त्या दिवशी वाचलेल्या प्रत्येक अर्जात असते. परिणामी वाहतूक व्यवस्थापकाच्या जागेसाठी लायक असलेला हा माणूस सुरक्षारक्षकाच्या रांगेत उभा केला जातो. आता त्याने प्रत्यक्ष केलेले काम पाहावे. लडाखसारख्या भागात हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद होण्यापूर्वी पुढच्या कित्येक महिन्यांचा शिधा, इंधन आणि सामान वर पोहोचवावे लागते. या कामाला लष्करात हिवाळी साठवण म्हणतात, आणि त्यात उशीर झाला तर रस्ता वाट पाहत नाही. त्या मोसमात कोणती गाडी कोणत्या फेरीला जाईल हे ठरवणे, चालकांना विश्रांती मिळेल असा ड्युटी रोस्टर लावणे, गाडीच्या कार डायरीत, म्हणजे प्रत्येक वाहनाच्या फेरी-इंधनाच्या नोंदवहीत, रोजची नोंद तपासणे, गाडी घाटात बंद पडण्यापूर्वी तिची देखभाल पाळीत बसवणे, हे सगळे त्याने वर्षानुवर्षे केलेले असते.

भिवंडीच्या गोदामालाही दसरा-दिवाळीच्या आधी असाच मोसम असतो: ठरलेली तारीख, मर्यादित गाड्या, दमलेले चालक आणि उशीर परवडत नाही अशी मागणी. तेव्हा त्या अर्जातील ओळ अशी व्हायला हवी: ‘डोंगराळ भागात, रस्ता बंद होण्याच्या ठरलेल्या मुदतीपूर्वी मालाची वाहतूक पूर्ण करणाऱ्या गटात वाहनांचे वाटप, चालकांचे वेळापत्रक आणि देखभालीचे नियोजन यांची जबाबदारी; वाहन ऐन वेळी बंद पडू नये म्हणून देखभाल फेरीनंतर करण्याऐवजी फेरीपूर्वी करण्याची पद्धत पाळली.’ या ओळीत तुकडीचे नाव नाही, ठाण्याचे नाव नाही, गाड्यांची संख्या नाही, आणि ते असूही नये, कारण १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो. तरीही वाहतूक व्यवसायातील माणसाला त्यातून सर्व काही कळते. खाजगी नोकरीतही गोपनीयतेचे करार असतात. तेथेही ग्राहकाचे नाव न घेता ‘दुचाकी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीसाठी’ असे लिहिता येते, आणि दर, नफा, नकाशे, सूत्रे यांना हात लावावा लागत नाही. जो उमेदवार जुन्या मालकाची गुपिते मुलाखतीत उघड करतो, तो उद्या आपलीही करेल, एवढे समोरच्याला कळते.

कामगिरी किती जुनी चालेल, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. वर्षांची सीमा घालण्यापेक्षा पुरावा ताजा आहे का, हे पाहणे अधिक बरोबर ठरते. वीस वर्षांपूर्वीचा निर्णय आजही सांगण्यासारखा असू शकतो, पण त्याच रीतीने वागल्याचे एक तरी उदाहरण गेल्या तीन-चार वर्षांतले त्याच्या शेजारी असले पाहिजे. नसेल तर ऐकणाऱ्याला असे वाटते की, हा माणूस एकदा चमकला आणि तेथेच थांबला. त्यामुळे जुनी आणि नवी अशी जोडी करून सांगावी, आणि जागाही त्या प्रमाणात द्यावी: अलीकडच्या कामाला अधिक, जुन्याला कमी, शालेय व महाविद्यालयीन बक्षिसांना चाळिशीनंतर जवळजवळ नाही. जुनी तंत्रे, बंद पडलेली सॉफ्टवेअर, आता कुणी न वापरणारी यंत्रे यांची नावे मुख्य मजकुरातून काढून तेथे तंत्राने सोडवलेला प्रश्न ठेवावा. याला अपवाद आहेत. जुन्या संगणकभाषांत लिहिलेले कार्यक्रम आजही काही बँका-विमा कंपन्यांत चालू आहेत, आणि तेथे जुने ज्ञान हीच पात्रता असते.

मुलाखतीत कामगिरी सांगण्यासाठी ‘स्टार’ नावाची एक पद्धत रूढ आहे, जिच्यात परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने प्रसंग मांडला जातो. ती नवख्याला आधार देते, पण अनुभवी माणसाला तेवढीच पुरत नाही, कारण तिच्यात नाकारलेल्या पर्यायाला स्थान नाही. पांबनच्या हकिगतीतून नव्या गर्डरांची वाट पाहण्याचा पर्याय वगळला, तर जुने गर्डर वर काढणे हा निर्णय न राहता नुसती घटना उरते. म्हणून कृती सांगण्यापूर्वी एक वाक्य तरी असे असावे की, सोपा मार्ग अमुक होता, तो या कारणाने घेतला नाही. ज्याला हे सांगता येते त्याने ते काम खरोखर केलेले असते. ऐकीव माहितीवर बोलणारा नेमका येथे अडखळतो, आणि जाणता मुलाखतकार याच ठिकाणी थांबून उलट प्रश्न विचारतो. एकूण सांगणे दोन-तीन मिनिटांत संपावे. उरलेले मुलाखतकाराला विचारू द्यावे. परिणाम अर्धवट राहिला असेल तर तसे सांगण्यात कमीपणा नाही; पाचपैकी तीन शाखांत पद्धत रुजली आणि दोनांत रुजली नाही, असे म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न आपोआप ‘का रुजली नाही’ असा येतो, आणि त्याचे विचारपूर्वक दिलेले उत्तर पुष्कळदा तीन शाखांच्या यशाहून अधिक प्रभावी ठरते.

मध्ये काही वर्षे नोकरी सोडलेल्यांची, विशेषतः मुलांच्या संगोपनासाठी किंवा घरातील आजारपणासाठी थांबलेल्या स्त्रियांची स्थिती निराळी असते, कारण त्यांच्या मनात जुनी कामगिरी ‘त्या काळातली’ म्हणून आधीच मोडीत निघालेली असते. हा समज चुकीचा आहे आणि तो त्यांनी मनातून काढून टाकावा. खंडाचा काळ एका ओळीत, कारणासह, कसलीही क्षमायाचना न करता लिहावा; त्याआधीच्या कामातील दोन निर्णय निवडून ते इतरांसारखेच तपशिलाने मांडावेत; आणि रीत ताजी असल्याचा पुरावा म्हणून खंडाच्या काळातले किंवा नंतरचे एखादे मोजके पण खरे काम जोडावे, मग तो पूर्ण केलेला अभ्यासक्रम असो, सोसायटीच्या पुनर्विकासाचे सांभाळलेले हिशेब असोत की बचत गटाचे बँकेशी केलेले व्यवहार असोत. घरकामाला मोठमोठी व्यवस्थापकीय नावे देण्याचा जो सल्ला अलीकडे दिला जातो, तो मात्र टाळलेला बरा. त्याने घरच्या कामाचाही मान राहत नाही आणि अर्जाचाही.

लिहून झालेला मजकूर पाठवण्यापूर्वी तारखा ताडून पाहाव्यात. भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला २०१४ पासून यूएएन हा एकच कायमचा क्रमांक मिळतो आणि त्याखाली प्रत्येक आस्थापनेत रुजू झाल्याच्या व ती सोडल्याच्या तारखा नोंदलेल्या असतात; पार्श्वभूमी पडताळणी करणाऱ्या संस्था बायोडेट्यातील तारखा या नोंदीशी आणि कार्यमुक्ती पत्राशी जुळवतात, आणि दोन महिन्यांचा फरकही खुलासा मागणारा ठरतो. हुद्दा पत्रात होता तोच लिहावा, आणि प्रत्यक्ष काम वेगळे असल्यास ते पुढच्या ओळीत सांगावे. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी छाननीच्या सॉफ्टवेअरमधून जातात, जे जाहिरातीतील शब्द अर्जात शोधते. म्हणून जाहिरातीत ज्या कामाचे जे नाव असेल तेच, ते काम खरोखर केलेले असल्यास, आपल्या ओळीत वापरावे. संदर्भासाठी ज्या माजी वरिष्ठाचे नाव द्यायचे, त्याला आधी कळवावे आणि अर्जातील त्याच्याशी संबंधित परिच्छेद वाचायला द्यावा. त्याने ‘हे असे नव्हते झाले’ म्हटले तर दुरुस्ती तेव्हाच करता येते, आणि ‘तू तो मुद्दा तर लिहिलाच नाहीस’ असे म्हटले तर तो मुद्दा बहुधा सर्वांत वर घेण्याच्या योग्यतेचा असतो.